डाव्या पंखातली रेघ

पन्नाशी ओलांडली की माणूस काहीतरी मागे लावून घेतोच. कुणी पहाटे उठून पळायला लागतो, कुणी गच्चीत भाजी लावतो, कुणाला अचानक बासरी शिकायची असते. दातांच्या डॉक्टरांनी विमान बांधायला घेतलं, तेव्हा त्यांच्या मेहुण्याने एवढंच विचारलं, "भाऊजी, बासरीवर नाही का भागणार?"

विमान म्हणजे दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढंच. ते लाकडी खोक्यांतून सुट्टं आलं. पत्रे, नळ्या, पत्रे जोडायच्या रिव्हेटचे भरलेले डबे, आणि सूचनांचं एक जाडजूड पुस्तक. त्याच्या पानापानावर एक हसरा माणूस डॉक्टरांना दोन्ही हातांनी न जमणारी गोष्ट एका हाताने करत उभा होता. घरामागे आधीच्या मालकाची सुतारकामाची लांबरुंद शेड होती. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून तीन पायऱ्या उतरलं की शेड. तिथे विमान हळूहळू उभं राहिलं. आधी शेपटी, मग धड, मग दोन्ही बाजूंना पंख. पंख लागले त्या दिवशी शेडमध्ये चालायची जागा संपली. त्या दिवसापासून घरातली सगळी माणसं वाकून चालायला शिकली. त्यातून बायको वगळायची, कारण ती शेडमध्ये उतरतच नव्हती.

तिचा डावा गुडघा गेला होता. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहून त्याची झीज झाली, असं सर्जनचं म्हणणं. तो बदलायचा होता. पण तिची हाडं नाजूक, त्यामुळे तिच्या मापाचा कृत्रिम सांधा मागवावा लागला होता, आणि तो येत नव्हता. गुडघा वाकवला की 'कट्' असा आवाज यायचा. शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू जायचा. रोज दुपारी ती वरच्या पायरीवर पाय लांब करून बसायची, उत्तरपत्रिका तपासायची आणि खाली नवऱ्याचे पराक्रम बघायची.

"पायाने तर आता कुठे जाता येत नाही," ती एकदा म्हणाली होती. "वरून तरी बघू सगळं. पहिल्या फेरीला मी बसणार हं शेजारी. नंतर तुमचे मित्रबित्र."

डॉक्टरांनी शब्द दिला होता. बायकोला दिलेले शब्द ते सहसा विसरत, हा मात्र विसरले नव्हते.

आता विमानाबद्दल थोडं सांगायला हवं, थोडंच. पायलटच्या दोन पायांच्या मधे एक दांडा असतो. तो कलवला की एक नळी पंखाच्या पोटात सरकते. तिथे तळहाताएवढा एक त्रिकोणी तुकडा असतो. नळी त्याला ढकलते, तो आपल्या जागी फिरतो, दुसऱ्या नळीला ढकलतो आणि ती दुसरी नळी पंखाच्या मागच्या कडेची झडप वर-खाली करते. झडप हलली की विमान पायलटच्या मर्जीने कलतं. नाही हलली तर ते स्वतःच्या मर्जीने कलतं, आणि त्याची मर्जी ठरलेली असते: खाली.

उजव्या पंखाचा त्रिकोण खोक्यात आला होता. डाव्याचा आला नव्हता. खोक्यातल्या फोममध्ये त्याच्या आकाराचा खड्डा कोरलेला होता आणि खड्ड्यात हवा होती.

डॉक्टरांनी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. त्रिकोण मागाहून निघेल. कधी, ते सांगता येत नाही. "पण साहेब, तोवर हात थांबवू नका," तो म्हणाला. "वाट बघण्यात ज्यांचे हात थांबले, त्यांच्या विमानांवर आता कपडे वाळत पडलेत. त्या पार्टशिवाय जे करता येईल ते करत राहा."

हे डॉक्टरांना पटलं. त्यांनी सगळ्या पत्र्यांच्या कडा पुन्हा घासल्या. सीट शिवल्या. समोरच्या फळीवर प्रत्येक बटणाखाली नाव लिहिलं, आवडलं नाही, पुसून पुन्हा लिहिलं. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक हत्याराभोवती रंगाने त्याची आकृती काढली, म्हणजे एखादं हत्यार पंखाच्या पोटात विसरलं तर फळीवर मोकळी सावली दिसावी. आवळलेले सगळे नट पुन्हा तपासले. या नटांची एक पद्धत असते. नट नीट आवळून झाला की त्याच्यावरून शेजारच्या पत्र्यावर रंगाची एक बारीक रेघ ओढायची. पुढे कधी नट ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. रेघ सलग असली तर समजायचं, हे काम झालेलं आहे, याला आता हात लावू नका. डॉक्टर त्यासाठी बायकोचं नेलपॉलिश वापरत. भडक नारिंगी. नणंदेने भेट दिलेलं, म्हणून ते शेडमध्येच जास्त शोभतं असं बायकोला वाटायचं.

"तुमच्या घरात दोघांचेही पार्ट अडकलेत," मेहुणा म्हणायचा. तो विमा कंपनीसाठी नुकसानीचे पंचनामे करायचा. आगीत जळलेलं दुकान, पुरात बुडालेली मोटार, काहीही असो, त्याचं कारण दोन ओळींत लिहून तो मोकळा व्हायचा. सुट्टीच्या दिवशी यायचा, पंखाखाली वाकायचा आणि हमखास डोकं आपटून घ्यायचा. "ताई, तुझा सांधा आधी येतो का यांचा त्रिकोण, पैज लाव."

"माझा आला तर यांना लावा," बायको पायरीवरून म्हणायची. "यांचा आला तर मला."

कामात असलेल्या माणसापेक्षा काम संपलेला माणूस जास्त धोक्याचा. डॉक्टरांचं काम संपत आलं होतं.

त्या दिवशी दवाखान्याला रंग लावायला घेतला होता, म्हणून डॉक्टर सकाळपासून शेडमध्ये होते. उजवा पंख पूर्वीच खालून बंद झाला होता. सरकारी तपासनीस येऊन, आत बॅटरी मारून, मान डोलावून गेला होता, मगच. नियमच तसा. पंखाचं पोट बंद करण्याआधी त्याने आत बघायचं. डाव्या पंखाचा खालचा पत्रा नुसत्या तात्पुरत्या पिनांवर टांगलेला होता. डॉक्टरांनी ठरवलं, कडेचे चार रिव्हेट मारून ठेवू. पत्रा सरळ राहील.

जन्मभर दुसऱ्याला आडवं पाडून स्वतः उभं राहिलेला माणूस पाठीवर झोपला आणि वर आ वासलेल्या पंखात हवेवर चालणारी बंदूक घेऊन काम करू लागला. रिव्हेट मारण्यात एक नशा आहे. पिन काढायची, रिव्हेट घालायचा, फट्ट. पुढची पिन. फट्ट. चार झाले, मग ओळ पूर्ण केली. ओळ पूर्ण झाली, मग समोरची उघडी ओळ डोळ्यांत खुपायला लागली. दाढ भरताना अर्धी सोडून कुणी चहाला जातं का? डॉक्टर जात नसत.

उन्हं कलली तेव्हा पंख बंद झाला होता. इतका सुबक की डॉक्टरांनी त्याच्यावरून हात फिरवला. हत्यारांच्या फळीकडे बघितलं. एकही सावली मोकळी नव्हती. हात धुवायला वळले तेव्हा कोपऱ्यातलं खोकं दिसलं, आणि त्यातल्या फोममधला तो त्रिकोणी खड्डा.

त्यांनी हात जरा जास्तच वेळ धुतले.

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. रोग्याच्या चुकीच्या दाढेला हात घालणारा डॉक्टर आणि हे, यात फारसा फरक नव्हता. त्यांनी मनाशी हिशेब जुळवला. त्रिकोण आला की गुपचूप रिव्हेट ड्रिलने काढायचे, तुकडा बसवायचा, तपासनिसाला बोलवायचं, मग पुन्हा बंद. तोवर तोंड बंद. दातांच्या डॉक्टरला हे अवघड नव्हतं. त्याच्या धंद्यात तोंड नेहमी समोरच्याचं उघडं असतं.

तोवर हातांना काम हवंच. दांड्याच्या बुडाशी चामड्याचं एक आवरण शिवायचं राहिलं होतं. दोन-तीन दिवसांनी, दवाखान्यातून दुपारी जेवायला आले असताना, डॉक्टर सीटवर जाऊन बसले, माप घ्यायला दांडा डावीकडे कलवला आणि उजवीकडे बघितलं. उजवी झडप खाली गेली, जशी जायला हवी. सवयीने डावीकडे बघितलं.

डावी झडप वर आली होती.

आजवर ती लुळी लोंबकळायची. डॉक्टरांनी दांडा सोडला. मग उजवीकडे कलवला. डावी खाली गेली. कसला खडखडाट नाही, अडकणं नाही. खाली उतरून त्यांनी झडप हाताने उचलली, तर आत सीटपाशी दांडा आपणहून कलला. लोण्यातून सुरी फिरावी तसा.

मधला तुकडाच नव्हता. दोन नळ्यांना जोडणारं तिथे काहीच नव्हतं.

"काय झालं हो?" पायरीवरून बायकोने विचारलं.

"काही नाही. हलतंय."

"मग चांगलं आहे ना?"

डॉक्टर जेवले, पण काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं.

कारण असणारच. डॉक्टरांचा कारणांवर विश्वास होता. तीस वर्षं लोक त्यांच्याकडे येऊन "काही खाल्लं नाही हो डॉक्टर, आपोआप किडली" असं सांगत आले होते, आणि आपोआप काही किडत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कुणीतरी पंख उघडून तुकडा बसवला होता आणि पुन्हा बंद केला होता. कोण?

पहिला संशय मेहुण्यावर गेला. त्याच्याकडे घराची किल्ली असायची, आणि भाऊजींची फजिती करायची संधी त्याने लग्नापासून कधी सोडली नव्हती. तो आला तसं डॉक्टरांनी त्याला पंखाखाली नेलं.

"खरं सांग. आत काय बसवलंस?"

"मी?" मेहुण्याने डोकं आपटून घेतलं, शिवी गिळली. "भाऊजी, माझ्या घरातला बल्ब बदलायला मी माणूस बोलावतो."

"मग हे कसं हलतं?"

"हलायला नको?"

"नको!"

मेहुण्याने त्यांच्याकडे नीट बघितलं. "विमान चालत नाही म्हणून लोक रडतात. चालतं म्हणून रडणारे तुम्हीच पहिले."

मग डॉक्टरांना सगळं सांगावं लागलं. फोममधला खड्डा, फट्ट-फट्ट, आणि हात धुणं. मेहुण्याच्या चेहऱ्यावरची गंमत हळूहळू उतरली. पंचनाम्याला जाताना असायचा तो चेहरा आला.

"ताईला सांगितलंत?"

"नाही."

"आणि तिला बसवणार आहात शेजारी."

मेहुण्याने वाकून रिव्हेटची ओळ न्याहाळली. एकही रिव्हेट नवा नव्हता. डॉक्टरांची एक खोड होती, कोपऱ्यातला रिव्हेट नेहमी किंचित तिरका बसायचा. चारही कोपरे तसेच तिरके होते. ही ओळ डॉक्टरांनीच मारलेली होती, आणि त्यानंतर कुणी उघडली नव्हती.

"कंपनीने दोन्ही त्रिकोण पाठवले असतील," मेहुणा म्हणाला. "तुम्हीच बसवलात. विसरलात."

"मग खोक्यात खड्डा का?"

"तेच म्हणतो मी. तुम्ही त्यातून काढलात, म्हणून खड्डा."

कारण दोन ओळींत बसत होतं. डॉक्टरांना दिवसभर बरं वाटलं. संध्याकाळी त्यांनी कंपनीला फोन केला. गोड माणूस म्हणाला, "डावा अजून आमच्याच टेबलावर आहे साहेब. तुमचं नाव लावून ठेवलाय. आत्ता बघतोय मी त्याच्याकडे."

पंखाच्या मुळाशी, धडाला चिकटतो तिथे, मुठीएवढं एक गोल भोक असतं, झाकणाचं. त्यातून त्रिकोणाची जागा सरळ दिसत नाही, कोनात पडते. पण तोंडातल्या न दिसणाऱ्या जागा बघणं हाच तर डॉक्टरांचा धंदा. त्यांनी दवाखान्यातला दात बघायचा छोटा गोल आरसा एका लांब तारेला बांधला, कपाळावर दिवा लावला आणि भोकात घातला. आरशात अंधार, मग पत्र्याची कड, मग पहिल्या नळीचं टोक, टोकावरचा नट.

नटावर रेघ होती.

नारिंगी नव्हती. जांभळट, गडद, वाळलेल्या जांभळाच्या सालीसारखी. ती नटावरून निघून आरशाच्या कडेबाहेर गेली होती. डॉक्टरांनी आरसा फिरवून बघितला, पण तार तेवढीच वळत होती. एक गोष्ट मात्र त्यांच्या नजरेतून सुटली नाही. ब्रशने रेघ ओढली की जिथे ब्रश टेकतो तिथे थेंब जमतो. कितीही सफाईदार हात असो. या रेघेला थेंब नव्हता. ती कुठूनही सुरू झालेली नव्हती.

डॉक्टरांनी आरसा बाहेर काढला, सवयीने स्पिरिटने पुसला आणि स्वयंपाकघरात गेले.

"अगं, तुझ्याकडे जांभळं नेलपॉलिश आहे?"

बायकोने चष्म्यावरून बघितलं. "असला रंग मी मेले तरी लावणार नाही. का?"

"म्हणजे बाटली तरी असेल कुठे. कुणी दिलेली."

"बघते हवं तर." ती उठली, वरच्या खोलीत गेली, सगळ्या बाटल्यांची पेटीच घेऊन आली आणि टेबलावर उपडी केली. लाल, गुलाबी, एक वाळून खडा झालेली. जांभळी नव्हती. डॉक्टर एकेक झाकण उघडून बघत होते. बायको हाताची घडी घालून त्यांच्याकडे बघत उभी होती.

"माझ्यावर संशय आहे का तुमचा? कसला ते तरी सांगा."

"शेडमध्ये कुणी येतं का, मी नसताना?"

"कोण येणार? मीच असते दुपारची पायरीवर. आवाज येतो मात्र. मला वाटायचं तुम्ही आहात आत कुठे वाकून बसलेले."

"मी दवाखान्यात असतो."

"हो ना. नंतर माझ्या लक्षात आलं."

"कसला आवाज?"

"ठोकल्याबिकल्याचा नाही. बारीक. बाटलीचं झाकण फिरवतात ना, तसा. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा झाकण लावल्याचा."

"बघितलं नाहीस तू?"

"डुलकी लागते हो मला हल्ली तिथे. इतकी छान लागते." ती पेटीत बाटल्या भरू लागली. "मला एकच सांगा. हे उडणार आहे का?"

"उडेल."

"मी बसायचं का त्यात?"

डॉक्टरांनी एका बाटलीचं झाकण पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"बरं," बायको म्हणाली. "ठरलं की सांगा."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाताना डॉक्टरांनी शेडला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्लीच्या भोकात कवळीचं माप घ्यायचं मेण दाबून भरलं. स्वयंपाकघराच्या दाराचा आतला खिट्टीचा खटका मेणाने लिंपला. बायको त्या दिवशी कॉलेजला गेली होती. दुपारी येऊन बघितलं. मेण जसंच्या तसं, त्यावर डॉक्टरांच्या अंगठ्याचा ठसासुद्धा शाबूत. आत सगळं जागच्या जागी होतं. फळीवर एकही सावली मोकळी नव्हती. शेडमध्ये फक्त वास होता, नेलपॉलिशचा असतो तो, गोडसर, डोक्यात जाणारा. ताजा.

त्याच आठवड्यात त्रिकोण आला. कुरिअरवाल्याने सही घेतली, "काय आहे यात एवढं?" म्हणून विचारलं आणि उत्तराला न थांबता गेला. पाकीट बंद होतं, कंपनीची पट्टी न फाटलेली, वर डॉक्टरांचं नाव. तपासनीस दुसऱ्या दिवशी येणार होता. बायको आत घरात होती. मेहुण्याला फोन करून डॉक्टरांनी बोलावून घेतलं. एकट्याने उघडायचं धैर्य नव्हतं असं नाही. साक्षीदार हवा होता.

"आत दुसरा त्रिकोण निघेल," मेहुणा म्हणाला. "पैज."

"निघू दे. तेच हवंय मला."

डॉक्टर पाठीवर झोपले. रिव्हेटच्या डोक्यावर ड्रिल टेकवायचं, जरासं दाबायचं, डोकं निघून येतं. ओळीच्या ओळी निघाल्या. ॲल्युमिनियमचा भुगा त्यांच्या चष्म्यावर पडत राहिला. शेवटी पत्रा एका कडेने सैल झाला आणि त्यांनी तो खाली वाकवला. कपाळावरचा दिवा आत वळवला.

पहिली नळी होती. दुसरी नळी होती. मधे तळहाताएवढी जागा होती आणि तिच्यात काही नव्हतं.

"काय निघालं?" मेहुण्याने विचारलं.

"सीटवर जाऊन बस. मी सांगेन तेव्हा दांडा हलव."

मेहुणा कण्हत आत चढला. "हलवू?"

"हलव."

पहिली नळी पुढे सरकली. मधल्या रिकाम्या जागेपलीकडे दुसरी नळी त्याच क्षणी बाजूला सरकली. मागे झडप वर आली.

"पुन्हा."

पुन्हा तसंच.

"हलली का?"

"हलली."

"मग आहे ना आत काहीतरी!"

"ये खाली. बघ."

मेहुणा शेजारी येऊन आडवा झाला. बराच वेळ तो बघत होता. डॉक्टरांनी हाताने झडप ढकलली आणि दोन्ही नळ्यांची टोकं हलली, एकमेकांना न शिवता, एकमेकांना धरून. पहिल्या नळीच्या नटावर जांभळी रेघ होती, हवेत संपलेली. दुसऱ्या नळीच्या नटावर तिचाच उरलेला अर्धा तुकडा होता, हवेतून सुरू झालेला. मधे पट्टी धरली असती तर दोन्ही एकाच रेषेत आले असते.

मेहुण्याने कारण सांगितलं नाही.

डॉक्टरांनी पाकीट फाडलं. नवा त्रिकोण काढला, थंड, चकचकीत. त्या जागेत सरकवला. बोटभर आत गेला आणि थांबला.

कशाला टेकला ते दिसत नव्हतं. आवाजही झाला नाही. तो नुसता जाईना. भरलेल्या दाढेत पुन्हा दाढ भरायला घ्यावी, तसं झालं. त्यांनी तो बाजूने घालून बघितला, वरून घालून बघितला.

मग त्रिकोण खाली ठेवून त्यांनी त्या जागेत बोट घातलं.

बोट गेलं. आत ऊब होती. ओलसर नाही, पण जन्मभर ज्या जागी बोटं घातली तिथे असते तेवढीच.

त्यांनी बोट काढून घेतलं.

"बंद करा भाऊजी," मेहुणा हळूच म्हणाला.

"उद्या तपासनीस येणार."

"त्याला काय दाखवणार आहात? बंद करा."

डॉक्टरांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी पाठीवर पडल्या पडल्याच तो कानाला लावला. हॉस्पिटलमधून बोलत होते. बाईंचा आवाज खेळकर होता. अभिनंदन, मॅडमच्या मापाचा सांधा आला. सर्जनसाहेबांचा परवाचा दिवस मोकळा आहे. देऊन टाकू ना तारीख?

डॉक्टर "हो" म्हणणार होते.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. बायको पायऱ्या उतरली. तीनही. दोन्ही हातांत चहाचे कप होते, कठडा धरायला हात मोकळाच नव्हता. कसलाही 'कट्' झाला नाही. तो किती दिवसांत झाला नव्हता, हे डॉक्टरांना आठवेना. एवढंच आठवलं, की बाटल्यांची पेटी आणायला ती जिना चढून वरच्या खोलीत गेली होती आणि लगेच परत आली होती.

"दोघं मिळून काय लपवताय खाली झोपून?" ती म्हणाली. "हा घ्या चहा. मला आत बसून बघायचंय एकदा, कसं वाटतं ते."

"ताई, तुझा पाय," मेहुणा म्हणाला.

"दुखतच नाहीये रे. तुम्ही आपल्या त्रिकोणात, कुणाला सांगू?"

तिने कप बाकावर ठेवले, वाकून पंखाखालून अलीकडे आली आणि डावा पाय उचलून पंखावरच्या काळ्या पायरीवर ठेवला. फरशी पुसायला घेतली असावी. घरातली ढगळ पँट गुडघ्याच्या वर दुमडलेली होती. डॉक्टरांच्या कपाळावरचा दिवा अजून चालूच होता, आणि ते पंखाच्या कडेबाहेर डोकं काढून तिच्या पायाशीच पडलेले होते.

गुडघ्याच्या आतल्या बाजूला, मांडीकडून आलेला जांभळट रेघेचा एक अर्धा तुकडा होता. पोटरीकडून आलेला दुसरा. पाय वाकलेला असल्यामुळे दोन्ही एकमेकांपासून दूर होते.

"हॅलो?" फोनमध्ये बाई म्हणाल्या. "परवाची लिहू ना?"

बायकोने भार टाकला, गुडघा सरळ केला आणि हसत पंखावर उभी राहिली.

रेघ सलग झाली.